सासूबाईंनी पाहिलेली कुस्ती

जत्रेच्या मैदानाला शिदोरी बायांनी बांधायची आणि कुस्त्या बाप्यांनी बघायच्या, ही आपली जुनी वहिवाट. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, तो हा सातारचा मुलूख. पण बाया मैदानापासून लांबच.

म्हणून २४ मार्च २०२३ ला आम्ही कराडकडून घरची सगळी सांगलीला गेलो, सासूबाईंसुद्धा. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी होती. अंतिम लढत सांगलीची प्रतीक्षा बागडी आणि कल्याणची वैष्णवी पाटील यांची.

मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विसावा. गुण मोजतात, पण दोन्ही खांदे टेकले की तिथंच निकाल. सासूबाईंना गुणांचं काही उमजेना. "टेकली का पाठ?" एवढंच त्या सारखं विचारत.

प्रतीक्षा जिंकली, चांदीची गदा तिला मिळाली. परतताना आमच्या धाकटीनं विचारलं, "मला तालमीत घालाल?" मालक गप्पच. सासूबाईच बोलल्या, "दूध जरा जास्त ठेवावं लागेल घरात."

तेव्हापासून एका म्हशीचं दूध आम्ही डेअरीला घालत नाही.