दगडूला पास कुणी केलं?

आमच्या खारघरच्या सोसायटीत गणपतीत एका रात्री पार्किंगमध्ये पडदा लावून सिनेमा दाखवतात. गेल्या वर्षी ‘टाइमपास’ लावला होता. दगडू प्राजक्ताच्या मागे लागला की पुढच्या सतरंजीवरची पोरं शिट्ट्या मारत होती आणि मागच्या खुर्च्यांवरचे त्यांचे बाप पोट धरून हसत होते. याच बापांनी दोन महिने आधीच्या सभेत ठराव केला होता : गच्चीवर मुलगा-मुलगी एकत्र दिसले तर दोन्ही घरांना नोटीस. ठराव एकमताने मंजूर. शिट्ट्याही एकमतानेच.

माझा राग दगडूवर नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी भलत्याच ठिकाणी जीव जडायचाच. न जडला तर डॉक्टरला दाखवा. राग आहे तो हा मूर्खपणा पराक्रम म्हणून विकणाऱ्यांवर, आणि तो विकत घेणाऱ्या आपल्यावर. रवी जाधवांनी २०१३ च्या जानेवारीत ‘बालक-पालक’ आणला. वयात येणाऱ्या पोरांशी आईबाप बोलत नाहीत म्हणून पोरं भलतीकडे शिकतात, हे त्यात त्यांनी हसत हसत आणि नेमकं सांगितलं होतं. म्हणजे या माणसाला सगळं कळत होतं. बरोबर एका वर्षाने त्यांचाच ‘टाइमपास’ आला, गल्ला तीस कोटींच्या पलीकडे गेला, आणि कळणं संपलं. २०१५ च्या दुसऱ्या भागात दगडूला प्राजक्ता मिळवून दिली. तरी पोट भरेना, म्हणून २०२२ मध्ये तिसरा भाग. दहावी नापास पोराला इतके ग्रेस मार्क बोर्डानेही कधी दिले नसतील.

प्रथमेश परबने दगडूचं काम फक्कड केलंय, हे मान्य. लोक म्हणतात, अहो, चाळीतला पोरगा प्राजक्ताच्या बापाला, माजोरड्या लेल्यांना भिडतो, ते बघा की! बघितलं. लेले माजोरडे आहेतच. पण बापाचा माज उतरवायला त्याची मुलगी हे हत्यार कसं काय? प्राजक्ताला त्या सिनेमात गाणं आहे, लाजणं आहे, रडणं आहे. मत मात्र दगडूलाच आहे.

हे मी सोवळ्यात बसून लिहीत नाही. २००४ मध्ये मी नववीत होतो. खारघर तेव्हा अर्धं रिकामं, सिडकोच्या आखीव रस्त्यांवर संध्याकाळी माणसांपेक्षा कुत्री जास्त. गणिताच्या क्लासच्या बाई जेमतेम चोवीस-पंचवीसच्या. मी स्वतःला फार वाचलेला समजत असे, त्यामुळे वर्गातल्या मुली मला बालिश वाटत आणि बाई आपल्या बरोबरीच्या! भूमितीच्या वहीत कविता ठेवून ती वही मी तपासायला दिली. क्लास सुटल्यावर स्टेशनपर्यंत वीस पावलं मागे चालायचो. त्याला मी ‘सोबत’ म्हणायचो. महिन्याभरात बाईंनी आमची बॅच दुसऱ्या सरांकडे दिली आणि पुढे क्लासच सोडला. हा किस्सा मी पंधरा वर्षं दोस्तांत रंगवून सांगितला. प्रत्येक वेळी हशा. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज बाईंना कसा वाटत असेल, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. माझ्या डोक्यातल्या सिनेमात कॅमेरा कायम माझ्याकडेच होता.

आणि आपल्याला दुसरं जमत नाही असंही नाही. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’वर सुजय डहाकेने २०११ मध्ये केलेला चित्रपट आठवा. त्यातला जोशी कसला चलाख पोरगा, ‘लाइन’ या विषयात जणू डॉक्टरेट केलेला. पण त्याचा जीव जडलेली शिरोडकर निघून जाते आणि त्याच्या हाती पुढचं वर्ष तेवढं उरतं. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी आमच्या सतरंजीवर त्याची आठवण कुणाला होत नाही.

नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ तर ‘टाइमपास’नंतर दीडेक महिन्यातच थिएटरात आला. काळ्या चिमणीची राख वर्गातल्या वरच्या जातीच्या शालूवर टाकली की ती आपली होईल, या भाबड्या समजुतीवर दलित घरातला जब्या रानोमाळ हिंडतो. आपण हसतो. मग गाव जब्याच्या घरच्यांना डुक्कर पकडताना बघून हसतं, त्या हसणाऱ्यांत शालूही असते, आणि आपलं मघाचं हसू घशात अडकतं. जात काय असते ते दाखवायला मंजुळेला शालू जब्याच्या पदरात टाकावी लागली नाही. लेल्यांचं उदाहरण देणाऱ्यांनी हा सिनेमा एकदा बघावा.

यंदाच्या गणपतीसाठी कमिटीने नावं मागवली. मी ‘शाळा’ आणि ‘फँड्री’ लिहून दिली. सेक्रेटरी काका मला लिफ्टपाशी गाठून म्हणाले, “अरे, सणासुदीला रडगाणं कशाला? पोरांना मजा येईल असं सुचव ना!” काल नोटीस बोर्डावर कागद लागला : शनिवारी रात्री नऊ वाजता, ‘टाइमपास ३’. त्याच्या शेजारी गच्चीचा ठराव अजून तसाच आहे, फक्त पिवळा पडलाय.