परदेशवारी दुकानदाराची, खर्च शिवाराचा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कृषी सेवा केंद्रांत हंगामाच्या तोंडावर औषधांच्या दरपत्रकासोबत आणखी एक कागद येतो. अमुक लाखांचा माल उचलावा आणि थायलंड, बाली, व्हिएतनाम अशी आठवडाभराची सहल करावी. विमानाचे तिकीट, समुद्रकाठच्या पंचतारांकित हॉटेलातील खोली, जेवणखाण, सारे कंपनीकडून. उद्दिष्ट दुप्पट झाले तर पत्नीचेही तिकीट. बाजारात या सहलीला ‘फुकट’ म्हणण्याचा प्रघात आहे. अर्थव्यवहारात मात्र फुकट असे काही नसते. एकाला जे फुकट मिळते, त्याचे मोल दुसऱ्या कोणीतरी मोजलेले असते. येथे ते कोणी मोजले, एवढाच प्रश्न आहे.

त्याचे उत्तर साध्या हिशेबातून मिळते. समजा, एका दुकानदाराच्या सहलीवर कंपनीचे दीड लाख रुपये खर्च झाले आणि त्यासाठी त्याला पंचवीस लाखांच्या खरेदीचे उद्दिष्ट होते. म्हणजे दर शंभर रुपयांच्या मालात सहा रुपये सहलीचे. कंपनी हा खर्च आपल्या नफ्यातून सोसत नाही. तो विक्रीखर्चात धरला जातो आणि विक्रीखर्च किमतीत. त्या किमतीवर पुन्हा 18 टक्के वस्तू व सेवा कर. कारखानदाराला आणि व्यापाऱ्याला आधी भरलेल्या कराची वजावट मिळते. शेतकऱ्याला ती मिळत नाही, कारण त्याच्यापुढे कर ढकलायला कोणी उरलेलेच नसते. शिवाय बहुतेक माल उधारीवर जातो. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्याकडून उसाचे बिल येईल, द्राक्षाचा व्यापारी पैसे देईल, तेव्हा खाते मिटणार. आणि उधारीचा भाव रोखीच्या भावाहून चढाच असतो. म्हणजे ज्याने गावाबाहेरचा समुद्र पाहिलेला नाही, तो दुसऱ्याच्या समुद्रस्नानाचा खर्च कर्ज काढून भागवतो.

पैशाचे हे नुकसान निदान मोजता येते. त्याहून मोठे नुकसान सल्ल्याचे आहे. बोरीच्या द्राक्षबागेत केवडा दिसला किंवा इंदापूरच्या डाळिंबावर तेल्या पडला, की शेतकरी पान खुडून थेट दुकानात येतो. कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात, विज्ञान केंद्र लांब असते. दुकान मात्र दारात आणि उधारही तेथेच मिळते. दुकानदार हाच शेतीचा डॉक्टर झाला आहे. हे ओळखूनच हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने 2003 मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी पदविका अभ्यासक्रम सुरू केला. परंतु ज्या डॉक्टरला औषधांच्या खपावर सहल मिळते, त्याच्या चिठ्ठीवर किती विश्वास ठेवावा? उद्दिष्टाला दोन लाख कमी पडत असतील, तर एका फवारणीच्या जागी दोन सांगण्याचा, औषधासोबत अनावश्यक टॉनिक जोडण्याचा मोह त्याला होणारच. येथे एखाद्या माणसाच्या नीतीची परीक्षा घेण्याचे कारण नाही. मोह निर्माण करणारी रचनाच उभी केलेली आहे.

या मोहाचे परिणाम शेतात पडतात. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली आणि बागायतदार कर्जात बुडाले. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. या दुर्घटनांची कारणे अनेक होती आणि त्या सहलींमुळेच घडल्या असे कोणी म्हणणार नाही. पण हा माल विष आहे. तो जास्त खपवण्यासाठी बक्षीस ठेवणे आणि कापड जास्त खपवण्यासाठी ठेवणे यांत फरक आहे, एवढे त्यांवरून निश्चित कळते.

दुकानदाराने प्रवास करू नये, असे समाजवादी म्हणणार नाही. जग पाहण्याचा हक्क सर्वांना आहे. तोही उधारी बुडण्याचा धोका पत्करून धंदा करतो. त्याला रास्त कमिशन उघडपणे मिळावे. कंपनीला सूट द्यायची असेल, तर ती बाटलीच्या किमतीत द्यावी. मग ती शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल. सूट न देता सहल दिली जाते, याचे कारण उघड आहे: किंमत उतरली तर लाभ शेतकऱ्याचा, सहल दिली तर दुकानदार कंपनीचा.

शासनाला हे ठाऊक नाही असेही नाही. 1 जुलै 2022 पासून धंद्यात मिळणाऱ्या अशा वीस हजारांवरील लाभावर 10 टक्के कर कापण्याची तरतूद झाली. म्हणजे सरकारने सहलीतील आपला वाटा घेतला, शेतकऱ्याचा विचार केला नाही. मार्च 2024 मध्ये औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता आली आणि डॉक्टरांना सहली घडवण्यास तिने मनाई केली. कीटकनाशकांच्या बाबतीतही 2013 च्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेने विक्री वाढवण्यासाठी गैर प्रलोभने देऊ नयेत, असे सांगितले आहे. माणसाच्या डॉक्टरला जे वर्ज्य, ते पिकाच्या डॉक्टरला का चालावे?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. खरेदीच्या उद्दिष्टाशी जोडलेल्या सहली व भेटवस्तू यांना कीटकनाशकविषयक कायद्यानेच बंदी घालावी. कृषी सहायकांची रिकामी पदे भरावीत. तालुका खरेदी-विक्री संघांनी आणि विकास सोसायट्यांनी औषधांची एकत्रित खरेदी करून ती मूळ दरात सभासदांना द्यावीत. धनंजयराव गाडगीळांनी ज्या सहकाराचा पाया घातला, त्याचे हे अगदी प्राथमिक काम आहे.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांना स्वस्थ बसण्याचे कारण नाही. प्रत्येक खरेदीचे पक्के बिल आणि औषधाची लेखी शिफारस मागण्याची सवय गावोगाव लावता येईल. ऑक्टोबर छाटणीपूर्वी ग्रामसभेत एका एकराचा औषधखर्च फळ्यावर मांडावा आणि त्यातील किती रुपये विमानाने गेले, हे शेतकऱ्यांनाच मोजू द्यावे. हिशेब मांडता आला, की मागणी त्यांच्याच तोंडून येईल.