चाळीस घोड्यांचं काय वाईट होतं?

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. काल पुन्हा डोकं फिरलं, तेव्हा ते फिरलेलं असतानाच लिहून टाकतो.

आमच्या फियाटचं इंजिन सध्या वलवणला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या लाकडी टेबलावर उघडं पडलंय. गाडी १९७४ सालची, वडिलांनी नवी घेतलेली. कागदोपत्री ती 'प्रीमियर पद्मिनी', पण आमच्या घरात (आणि बहुतेक तुमच्याही) तिला कोणी पद्मिनी म्हटलं नाही. पिस्टन एका परातीत, व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचलेले, क्रँक ग्राइंडिंगला गेलेली. आणि जो कोणी येतो तो हा पसारा बघून एकच वाक्य टाकतो. काल भाच्याने टाकलं. "मामा, एवढं उघडलंच आहे तर थोडी पॉवर वाढवून घे की!"

या 'एवढं उघडलंच आहे तर'ची मला भीती वाटते. बाथरूमची एक फुटकी फरशी बदलायला घेतलेली माणसं याच वाक्यावरून घरभर नवी लादी टाकून कर्जबाजारी होतात. तिथे निदान पैशांवर भागतं.

माझं मत सरळ आहे. जुन्या गाडीचं इंजिन दुरुस्त करा, नव्यासारखं करा, त्यासाठी पदरचे चार पैसे जास्त घाला. पण तिला तिच्या मूळ ताकदीपेक्षा जास्त ताकदीची करायला जाऊ नका. त्यातही घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्याने तर नाहीच. आणि हे मी पुस्तकं वाचून सांगत नाहीये. मी स्वतः हा उद्योग करून बसलेलो आहे.

आधी इंजिनाबद्दल थोडं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. मुळात हे १९३७ सालचं. फियाटने इटलीत '५०८ सी'साठी ते काढलं तेव्हा त्याची ताकद होती ३२ अश्वशक्ती. सुधारत सुधारत आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात पद्मिनीपर्यंत येईतो ते चाळिसाच्या घरात गेलं. म्हणजे जे वाढवायचं ते इंजिन ओतणाऱ्यांनीच वाढवून ठेवलंय, तेही हळूहळू. आपण एका रविवारात किती वाढवणार?

आता लोक म्हणतात की चाळीस घोड्यांत घाट चढत नाही. हिशेब करू. खोपोली ते लोणावळा उंचीचा फरक साधारण ५५० मीटर. गाडी, चार माणसं, सामान धरून वजन १२०० किलो. एवढं ओझं एवढं वर उचलायला सुमारे ६५ लाख जूल ऊर्जा लागते. वीस मिनिटांत चढलात तर सरासरी सात अश्वशक्ती. फक्त सात! टायरचं घर्षण, हवा, गिअरबॉक्समधला तोटा असं सगळं धरून तिप्पट करा, एकवीस झाले. दहाला एक अशा खड्या चढावर ताशी ४० च्या वेगाने जायचं तरी चाकापाशी वीस-एकवीसच लागतात. चाळिसातला बराच भाग चाकापर्यंत पोचेपर्यंत खर्च होतो हे मान्य, पण मग उरलेले घोडे गेले कुठे?

गेले ते झिजलेल्या रिंगांमधून. नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हमधून, ढिल्या टायमिंगमधून, अर्ध्या बुजलेल्या रेडिएटरमधून. पन्नास वर्षं चाललेलं इंजिन चाळीस देतच नाही. पंचवीस देत असेल तर नशीब. "आमची फियाट घाटात दमते" म्हणणाऱ्या बहुतेकांनी खरी चाळीस घोड्यांची फियाट कधी चालवलेलीच नसते. आजारी माणसाला आधी बरं करायचं की त्याच्या डोक्यावर आणखी एक पोतं द्यायचं?

आता माझी गोष्ट. २००६ च्या सुमाराला शहरातल्या एका गॅरेजवाल्याच्या नादी लागलो (नाव कशाला, चूक निम्मी माझीच). त्याने हेड कापून कॉम्प्रेशन वाढवलं, मोठा कार्ब्युरेटर बसवला, मोकळा सायलेन्सर टाकला. पहिला महिना मी हवेत होतो. आवाज काय, उठाव काय! एक्स्प्रेसवेवर लोक वळून बघायचे.

मे महिन्यात एके दुपारी आईला घेऊन खोपोलीला निघालो होतो, जुन्या घाटाने. गाडी आता इतक्या हौसेने पळत होती की उतारालाही मी तिसऱ्यातच होतो आणि पाय ब्रेकवर. दोन-तीन वळणं झाली, लायनर जळाल्याचा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पायाखाली पेडल घट्ट लागत होतं, गाडी मात्र थांबत नव्हती. मी दोन्ही पायांनी... असो. दुसरा टाकला, हँडब्रेक ओढला, कठड्याच्या बाजूला घासत घासत शिंग्रोबाच्या देवळाच्या जरा अलीकडे उभी राहिली. चारही चाकांतून धूर. आई मागे बसली होती, ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "हे इथे दुसऱ्यातच उतरायचे."

वडिलांचा तो नियम मी लहानपणापासून ऐकला होता, की ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. मला तो म्हाताऱ्या माणसांचा भित्रेपणा वाटायचा. पण वर केलेलाच हिशेब उलटा करा. चढताना इंजिनाने घातलेले ते ६५ लाख जूल उतरताना कुठेतरी जायलाच हवेत. आमच्या वलवणच्या तलावाचं पाणी टाटांच्या पाइपांमधून याच डोंगरावरून खाली खोपोलीला जातं. तिथलं वीजघर १९१५ सालचं आहे, ते त्या पडण्याची वीज करतं. गाडीत वीजघर नसतं. तुम्ही इंजिनावर उतरला नाहीत तर ती सगळी ऊर्जा चार लोखंडी ड्रममध्ये उष्णता होऊन बसते. किती? वीस लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवेल इतकी. फियाटला चारही चाकांना ड्रमच, डिस्क नाहीत. लायनर तापला की त्याची पकड जाते, मग पाय कितीही दाबा.

आणि वेग? साठचा नव्वद केलात तर थांबवायची ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोनपट होते. पॉवर वाढवून देतो म्हणणाऱ्या किती जणांनी तुम्हाला ब्रेकबद्दल विचारलं? मला कोणी विचारलं नव्हतं. बिलात सायलेन्सरला मोठा आकडा होता, ब्रेकच्या नावाने शून्य.

त्याच उन्हाळ्यात परतीच्या चढावर हेड गॅस्केटही उडालं. साहजिक होतं. जास्त कॉम्प्रेशन म्हणजे जास्त उष्णता, रेडिएटर तोच. बीड आणि अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर सारखे फुगत नाहीत, हेड वाकलं. हेड कापता येतं, पण कापलेलं परत जोडता येत नाही.

आता प्रतिवाद. तेही ऐकून घेऊ.

एक म्हणतो, पूर्वी शोलावरमच्या धावपट्टीवर आपल्याकडचे लोक फियाटच ट्यून करून शर्यती मारायचे की. मारायचे, आणि मला त्यांचं कौतुकच आहे. पण शर्यतीची गाडी शर्यतीसाठी असते, तिचं इंजिन दोन शर्यतींमध्ये उघडलं जातं आणि तिच्या मागच्या सीटवर आई नसते. शिवाय या क्रँकला मेन बेअरिंग तीनच. जास्त फेऱ्यांना ती वाकते, थरथरते. शर्यतवाल्याला हे ठाऊक असतं, तो क्रँक संपणार हे धरूनच चालतो.

दुसरा म्हणतो, बोअर वाढवून सीसी वाढवा, सोपं आहे. बोअर एक मिलिमीटर वाढवा, ६८ चा ६९ करा. १०८९ चे ११२२ सीसी होतात. तीन टक्के. एक घोडा आणि एक शिंगरू! त्यासाठी सिलिंडरची भिंत पातळ करायची आणि पुढच्या दुरुस्तीची जागा आजच खाऊन टाकायची.

तिसरा (हा माझा भाचा) म्हणतो, इंजिनच बदल, ११८ एनईचं निसानचं बसव. आता हे जरा वजनदार आहे, कारण प्रीमियरनेच १९८५ साली ११७१ सीसीचं ते निसानचं इंजिन वापरलं. पण कुठे वापरलं? पद्मिनीत नाही, फियाट १२४ च्या वेगळ्या गाडीत. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा गाडी वेगळी करून ठेवता येत नाही. आणि २०२१ साली केंद्राने जुन्या गाड्यांसाठी जे नियम केले त्यात पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपातच हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. आमची आता त्या वयाची झालीये. तशा नोंदणीनंतर रोज रस्त्यावर फिरवता येत नाही म्हणून मी ती करणार नाही ती गोष्ट वेगळी, पण पुढे कोणाला करावीशी वाटली तर मी दार का बंद करू?

मी काही 'एक स्क्रूही बदलू नका' म्हणणाऱ्या सोवळ्यांपैकी नाही. २००० सालापासून देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं, म्हणून व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवतोय. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. म्हणून पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा सगळं नवं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं, तेव्हा जेटही मोठं करावं लागेल. (नव्या पेट्रोलचा ऑक्टेन जास्त असल्याने कापलेल्या हेडला तो सोसतो, असं भाचा म्हणतो. पेट्रोलचा मुद्दा बरोबर आहे, त्याला मी तसं सांगितलंही. पण रेडिएटर आणि ब्रेक ऑक्टेनवर चालत नाहीत.) रेडिएटरला नवी जाळी, चारही ड्रम घासून, सिलिंडर आणि लायनर नवे. या बदलांनी गाडी आजच्या दिवसांत जगते. तिच्याकडून आणखी काही मागत नाहीत ते.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. हे ब्लॉक आता कोणी ओतत नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षं भरली म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. टॅक्स्या होत्या तोवर कुर्ल्याच्या भंगार बाजारात काहीतरी मिळायचं. जिथे या गाड्या जन्मल्या त्याच कुर्ल्यात त्यांचे तुकडे विकत घ्यायला जायचो आम्ही. गेल्या वेळी हेड शोधायला गेलो तर तीन दुकानं फिरून एक मिळालं, तेही कोणीतरी आधीच कापलेलं. आमच्यासारखाच कोणी हौशी असणार.

बोअर मोजून घेतला. आधीच दोनदा वाढवलेला आहे, आता एकदाच वाढेल, त्यानंतर स्लीव्ह. उस्ताद म्हणाले, "इस बार अच्छे से बांधो, अगली बार मैं नहीं रहूंगा." त्यांचं वय सत्तरच्या पुढे आहे, आणि स्वतःच्या हाताने बेअरिंगचा क्लिअरन्स लावणारा दुसरा माणूस मला मावळात तरी माहीत नाही.

भाच्याला रविवारी बोलावलंय. आठ व्हॉल्व्ह लॅप करायचे आहेत, हाताने, आणि माझी मनगटं आता चारच्या पुढे जात नाहीत.