आधी इनिंग्ज मोजा

जुलै संपत आला की अमेरिकेतल्या बेसबॉल चाहत्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘आपल्याला पिचर पाहिजे.’ संघ पहिला असो की तळाला, वाक्य बदलत नाही. मेजर लीगमध्ये हंगाम चालू असताना संघांना आपसांत खेळाडूंची अदलाबदल करता येते आणि त्याची मुदत जुलैअखेरीच्या सुमारास संपते. २०१८ पर्यंत ‘वेव्हर’ नावाच्या आडवळणाने ऑगस्टमध्येही सौदे व्हायचे. २०१९ पासून ती पळवाट बंद झाली. त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत जी झुंबड उडते ती पाहण्यासारखी असते, आणि तहान लागल्यावर विहीर खणणारे संघचालक अमेरिकेतही कमी नाहीत हे कळून आपल्यालाही जरा बरं वाटतं.

हे संपादकीय डेट्रॉईट टायगर्सच्या चाहत्याचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. मोटारींच्या धंद्यामुळे पुण्या-चाकणच्या इंजिनिअरांची डेट्रॉईटला ये-जा असते. त्यांतल्याच एका नातलगाने हे वेड माझ्या गळ्यात घातलं. पण डेट्रॉईट निवडायला त्याहून चांगलं कारण आहे. पिचर विकत घेणं आणि पिचर विकणं, दोन्हीचे सगळे रंग या एका संघाने दाखवले आहेत.

१९८७ चा ऑगस्ट घ्या. टायगर्स आणि टोरांटो यांच्यात विभागीय विजेतेपदाची चुरस होती. १२ ऑगस्टला डेट्रॉईटने अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा पिचर घेतला आणि बदल्यात वीस वर्षांचा एक पोरगा दिला. त्या पोराचा दुय्यम लीगमधला हिशेब होता ४ विजय, १० पराभव. त्याचं नाव जॉन स्मोल्ट्झ. मिशिगनमध्येच वाढलेला, लहानपणापासून टायगर्सचा भक्त. पुढे अटलांटासाठी त्याने १९९६ चं साय यंग पारितोषिक मिळवलं, कारकिर्दीत २१३ विजय आणि १५४ सेव्ह जमवले आणि २०१५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. तेव्हापासून ‘फसलेला ट्रेड’ म्हटलं की पहिलं उदाहरण हेच दिलं जातं.

मला ते पटत नाही. अलेक्झांडरने डेट्रॉईटसाठी ११ सामने सुरू केले, ९ जिंकले, एकही हरला नाही. धावांची सरासरी १.५३. पण प्रशिक्षकाने पाहावा तो आकडा वेगळाच आहे. त्या ११ सामन्यांत तो ८८ इनिंग्ज टिकला, म्हणजे प्रत्येक वेळी सरासरी आठ. तो माउंडवर गेला की त्या दिवशी बुलपेनला, म्हणजे राखीव पिचरांना, जवळजवळ सुट्टी, आणि ताजे राहिलेले ते हात दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला मोकळे. २७ सप्टेंबरला टोरांटोत तो अकराव्या इनिंगपर्यंत फेकत होता आणि तेराव्या इनिंगमध्ये टायगर्स जिंकले. शेवटच्या आठवड्यात टोरांटो सलग सात सामने हरलं आणि डेट्रॉईटने दोन सामन्यांच्या फरकाने विभाग जिंकला. त्यानंतर बाद फेरीत मिनेसोटाने अलेक्झांडरला दोनदा झोडपलं हेही खरं. पण डेट्रॉईटने सात आठवडे विकत घेतले होते आणि ते सात आठवडे त्यांना पुरेपूर मिळाले. स्मोल्ट्झची किंमत ठाऊक असूनही तो सौदा मी आज पुन्हा करीन. संघाला नेमकं काय कमी पडतंय हे त्या वेळी कोणीतरी नीट मोजलं होतं.

मोजणं अवघड नसतं. हंगामात १६२ सामने, म्हणजे ढोबळमानाने १,४५८ इनिंग्ज. सध्या २६ जणांच्या यादीत पिचर जास्तीत जास्त १३. एके काळी स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, सामना संपवायचाही, आता पाच-सहा इनिंग्जनंतर चेंडू दुसऱ्याच्या हातात जातो, कारण फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की त्याला पिचरची ओळख पटलेली असते. उरलेल्या तीन-चार इनिंग्ज रोज कोणी टाकायच्या, हा खरा प्रश्न. त्यात गंमत अशी की ऑगस्टची गरज वेगळी आणि ऑक्टोबरची वेगळी. ऑगस्टमध्ये जवळपास रोज सामना, त्यामुळे पाचवा स्टार्टर लागतोच. ऑक्टोबरमध्ये मधे सुट्ट्या येतात, तीन-चार स्टार्टर पुरतात, आणि सामना फिरतो तो सहाव्या ते आठव्या इनिंगमध्ये. २०१६ ला क्लीव्हलंडने न्यूयॉर्क यँकीजकडून अँड्र्यू मिलर हा रिलीव्हर घेतला तो याच हिशेबाने. शेवटच्या इनिंगसाठी त्याला राखून न ठेवता मॅनेजर टेरी फ्रँकोनाने जिथे सामना अडकेल तिथे, अगदी पाचव्या इनिंगमध्येसुद्धा, त्याला आणला. त्या वर्षीच्या बाद फेरीत १९ इनिंग्जमध्ये ३० स्ट्राइकआउट.

डेट्रॉईट विक्रेता झालं ते २०१७ मध्ये. ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीला काही क्षण उरले असताना त्यांचा पिचर जस्टिन वरलँडर ह्यूस्टनला गेला. सप्टेंबरमध्ये त्याने पाचपैकी पाच सामने जिंकले. मग बाद फेरीत यँकीजविरुद्ध १२४ पिचेस टाकून १३ फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि अख्खा सामना एकट्याने २-१ असा काढला. ह्यूस्टन जगज्जेतं झालं. (त्या विजेतेपदाला पुढे प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरल्याचा डाग लागला, पण चोरी फलंदाजांसाठी होती, वरलँडरच्या हाताचा तिच्याशी संबंध नाही.) डेट्रॉईटला मिळालेल्या तीन पोरांमधला सगळ्यांत नावाजलेला पिचर दुखापतींतून कधी वरच आला नाही. कॅचर जेक रॉजर्स तेवढा टिकला.

त्या ह्यूस्टनचा मॅनेजर होता ए. जे. हिंच. सात वर्षांनी तोच हिंच डेट्रॉईटच्या डगआउटमध्ये बसलेला असताना, ३० जुलै २०२४ ला डेट्रॉईटने आपला दुसऱ्या क्रमांकाचा स्टार्टर जॅक फ्लॅहर्टी लॉस एंजेलिस डॉजर्सना देऊन टाकला. आम्ही चाहत्यांनी हंगामावर पाणी सोडलं. पण हिंचने स्टार्टरची कल्पनाच सोडून दिली. अव्वल स्टार्टर टॅरिक स्कूबलचा दिवस वगळला तर सामन्याला सुरुवात करणारा एक-दोन इनिंग्ज टाकी, पुढचा तीन-चार, मग समोर डावखुरा फलंदाज आला की वेगळा हात, उजवा आला की वेगळा. ‘पिचिंगचा गोंधळ’ असं त्यानेच त्याला नाव दिलं, पण गोंधळ दिसायचा तो फक्त प्रतिस्पर्ध्याला, ज्याला फलंदाजीचा क्रम कोणासाठी लावायचा हेच कळत नसे. १० ऑगस्टनंतर डेट्रॉईटने ३१ सामने जिंकले, १३ हरले, २०१४ नंतर प्रथमच बाद फेरी गाठली आणि तिथे ह्यूस्टनलाच घरी पाठवलं. तिकडे फ्लॅहर्टीने मेट्सविरुद्ध सात इनिंग्ज एकही धाव दिली नाही, आणि वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या सामन्यात मात्र त्याला दुसऱ्याच इनिंगमध्ये उठावं लागलं. डॉजर्सनी ५-० ची पिछाडी भरून विजेतेपद घेतलं. दोन्ही संघांचं भलं झालं. असे सौदे थोडे.

२०२५ ला आम्ही पुन्हा गिऱ्हाईक झालो आणि तिथे माझी तक्रार आहे. जॅक्सन जोब हा तरुण पिचर जूनमध्येच कोपराच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेला गेला होता. (ही शस्त्रक्रिया १९७४ मध्ये पहिल्यांदा केली ती डॉ. फ्रँक जोब यांनी. आडनाव सारखं, बाकी निव्वळ योगायोग.) रीस ओल्सनचा खांदा गेला. दोन स्टार्टरांची जागा रिकामी आणि विभागात मोठी आघाडी, अशा वेळी डेट्रॉईटने स्वस्तातले हात गोळा केले. क्रिस पॅडॅक आला, ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन आला, रिलीव्हर काइल फिनेगन आला. फिनेगनने स्प्लिटरचं प्रमाण वाढवलं आणि तो कमालीचा चालला. मॉर्टनला सप्टेंबर संपायच्या आत सोडून द्यावं लागलं, पॅडॅक बुलपेनमध्ये गेला. क्लीव्हलंडने भली मोठी आघाडी कापून विभाग जिंकला. तरी आम्ही बाद फेरीत पोचलो, आणि तिथे सिएटलविरुद्ध निर्णायक सामन्यात स्कूबलने सहा इनिंग्जमध्ये १३ स्ट्राइकआउट केले, त्याला २-१ वर बाहेर काढलं, सातव्या इनिंगमध्ये बरोबरी झाली आणि पंधराव्या इनिंगमध्ये आम्ही हरलो. मॉर्टनसाठी जवळजवळ काहीच द्यावं लागलं नव्हतं, म्हणून त्या सौद्याला कोणी नावं ठेवत नाही. मी ठेवतो. रिकाम्या जागेवर नाव भरलं की इनिंग्ज भरल्या असं समजणं, ही चूक स्मोल्ट्झ गमावण्याहून मोठी.

आता आपल्याकडे. शालेय आणि जिल्हा स्पर्धांत ट्रेड नाही, पण ‘आपल्याला पिचर पाहिजे’ हे वाक्य आहेच, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘आपल्याला असा एक पोरगा पाहिजे जो सगळे सामने टाकेल’ असाच असतो. सकाळी उपउपांत्य, दुपारी उपांत्य, दुसऱ्या दिवशी अंतिम, आणि तिन्हींत तोच हात. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शनात १३-१४ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिचेस सांगितलेल्या आहेत, आणि ६६ च्या वर गेला तर पुढे चार दिवस पूर्ण विश्रांती. या हिशेबाने पाहिलं तर आपल्या दोन-तीन दिवसांच्या स्पर्धेत एका मुलाला एकच पूर्ण सामना टाकता येतो. स्कोअरशीटवर स्ट्राइक-बॉल आपण टिपतोच. प्रत्येक पिचरखाली इनिंगअखेर एकूण पिचेस लिहायला काही सेकंद लागतात.

त्यामुळे संघटनांकडे आमची सूचना साधी आहे: स्पर्धेत प्रत्येक सामन्याआधी संघाने आपल्या पिचरांची गेल्या चार दिवसांतली पिचेसची नोंद पंचांकडे द्यावी, आणि त्या नोंदीत न बसणाऱ्या मुलाला माउंडवर उभं करू नये. हरकत कोणती येणार तेही ठाऊक आहे. ज्या शाळेकडे एकच पिचर आहे तिने काय करायचं? तिने जूनमध्येच दुसरा आणि तिसरा उभा करायला घ्यावा. शॉर्टस्टॉपवरून पहिल्या बेसला सरळ चेंडू मारणारा पोरगा प्रत्येक संघात असतो. त्याला आठवड्यातून दोनदा वीस-वीस पिचेस टाकायला लावा, कर्व्हच्या नादाला लावू नका, आणि जिल्हा स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात, आघाडी असताना, दोन इनिंग्ज त्याच्या हातात द्या.