माणुसकी लोकांची, जबाबदारी शासनाची

२०२५ च्या पुरात नांदेड-लातूरच्या सामान्य माणसांनी दाखवलेल्या माणुसकीला आमचा सलाम. मात्र तिच्या आडोशाला शासनाने उभे राहू नये. मुखेडच्या हसनाळ-रावणगावापासून मांजरा-तेरणेच्या काठापर्यंत शिवारे उद्ध्वस्त झाली, तेव्हा लोकांनी आपल्या घासातला घास काढून दिला. पंचनाम्यांना वेळ लागणारच, असे प्रशासन म्हणेल. ते मान्य, पण भाकरी चार दिवस पुरते, खरडून गेलेल्या रानात पुन्हा माती भरणे लोकवर्गणीच्या आवाक्यातले नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अनेक संस्थांनी गावे दत्तक घेतली, तरी पुनर्वसन तडीस गेले ते शासनाने जागतिक बँकेचे साहाय्य घेऊन ते अंगावर घेतल्यामुळेच.

खरडलेल्या जमिनींच्या याद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि मृगाच्या पेरणीआधी त्या रानांत माती पोहोचवा.