संवाद ओटीवरच असतो
पनवेलजवळच्या गव्हाणच्या पोराला नट व्हायचंय, पटकथाही लिहायचीय. मग त्याचा अर्धा दिवस लोकलमध्येच जाणार. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी खारकोपर-उरण लोकललाही हिरवा झेंडा मिळाला. अंधेरी-वर्सोव्याचं आरामनगर मात्र अजून लांबच. तिथे ऑडिशनला कॅमेऱ्यासमोर नाव, उंची, डावी-उजवी बाजू दाखवायची आणि येताना मोबाइलवर वेबसिरीज बघायची. खरी शाळा जवळ आहे : पनवेलचं फडके नाट्यगृह, अटल करंडक स्पर्धेच्या एकांकिका. आणि बोलीचं म्हणाल, तर २०१६ च्या ‘सैराट’ चित्रपटानं सोलापूरकडची बोली राज्यभर नेली. मग आजीची आगरी पटकथेत का नको? संवाद शोधायला अंधेरी कशाला गाठायची? तो ओटीवर बसून कधीचा बोलतोय!