पट्टी कोणाची?

आमच्या वडिलांनी तरुणपणी दरबारात हजेरी लावली आणि पुढे उतारवयापर्यंत घरी शिकवण्या केल्या. नवा मुलगा आला की ते आधी त्याला काहीतरी गुणगुणावयास सांगत, त्याचा गळा कोठे सुखाने लागतो ते ऐकत, आणि मगच तंबोरा मिळवीत. “एवढ्याशा पोरासाठी इतका खटाटोप?” असे कोणी म्हटले, तर ते म्हणत, “गायचे त्याला आहे. पट्टी माझी घेऊन कसे चालेल?”

हे आठवण्याचे कारण मात्र गाण्याचे नाही, औषधाचे आहे. माझ्या वर्गातील एका तेरा वर्षांच्या मुलीचा श्वास मध्येच तुटू लागला. चेहरा फिकट दिसत होता. मी विचारले, “काय ग, शाळेत लोहाची गोळी मिळते ना? घेतेस का?” ती खाली मान घालून म्हणाली, “गुरुजी, गोळी पहिल्या तासाला देतात. उपाशीपोटी मळमळते. मग आम्ही बऱ्याच जणी ती तोंडात धरतो आणि नळावर जाऊन थुंकतो.” शाळेत गोळ्यांविषयी माहिती गोळा करावयास काही मंडळी येऊन गेली होती. त्यांना हे सांगितलेस का, असे विचारताच ती म्हणाली, “त्यांनी गोळी मिळते का, एवढेच विचारले. मिळते, म्हणून ‘हो’ म्हटले.”

वाचकहो, तो ‘हो’ खोटा नव्हता; प्रश्न अपुरा होता. पण कागदावर गोळी पोटात गेली. उद्या रक्त तपासून हिमोग्लोबिन वाढलेले दिसले नाही, तर विद्वान मंडळी गोळीलाच दोष देतील.

गोळीचा गुण आपल्याच शहरात दिसला आहे. 10 ते 18 वर्षांच्या मुलींना तीन महिने रोज लोह व फॉलिक ॲसिड दिल्यावर रक्तही वाढले आणि वजनही, हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील अभ्यासाने 2000 साली प्रसिद्ध केले. शाळांतून आठवड्याची गोळी देण्याची योजना 2013 पासून देशभर सुरू आहे. गोळी जेवणानंतर घ्यावी, हेही ठाऊक आहे. अडले ते वर्गात, आणि वर्गातले मुलींनाच ठाऊक.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात पालकांच्या संमतीबरोबर 7 वर्षांपुढील मुलाचाही होकार घ्यावयाचा असतो. चांगलेच आहे. पण हा होकार चीज बांधून झाल्यावरचा. चीज बांधतानाच मुलांना जवळ बसवावे, असे माझे म्हणणे आहे. इंग्लंडात लिव्हरपूल येथे 2006 साली मुलांचे असे सल्लागार मंडळ स्थापन झाले. माहितीपत्रक समजते का, रक्त किती वेळा काढणे सोसेल, औषधाची चव कशी आहे, असल्या गोष्टी अशा मंडळांतील मुले संशोधकांना सांगतात.

“पोरांना औषधातले काय कळते?” असा आक्षेप येईल. मात्रा किती असावी, हे त्यांनी ठरवावे असे कोणीच म्हणत नाही. राग कोणता शिकवावा, हे आम्हीही शिष्याला विचारीत नाही. पण त्याचा गळा कोठे दुखतो, हे त्याच्याखेरीज कोण सांगणार?

खरी भीती निराळीच आहे. गॅदरिंगला पढवलेली मुले उभी करतात, तशी चार चुणचुणीत पोरे बैठकीला बसवून फोटो काढला जाईल. म्हणून मागच्या बाकावरच्या मुलीही बोलवाव्यात, शिक्षकांनी त्या वेळी बाहेर थांबावे, आणि त्यांच्या सांगण्याने काय बदलले ते त्यांना पुन्हा येऊन सांगावे. नाहीतर दुसऱ्या खेपेस त्या तोंड उघडणार नाहीत.

याच संस्थानाने 1906 साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू करून मुलामुलींना शाळेत आणले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आज प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत. त्यांना एवढीच विनंती, की पुढचा फॉर्म छापावयास देण्यापूर्वी तो पाच-सहा मुलींपुढे ठेवा आणि विचारा, “यात काय विचारावयाचे राहिले?”

माझ्या शिष्येच्या वर्गशिक्षिका आता मधल्या सुट्टीतल्या डब्यानंतर गोळी देतात. त्यासाठी कोणाला तरी एकदा विचारावे लागले, इतकेच.